विद्येचे मोल कोणी चुकविले?



बार्शी हे पारख जाणणाऱ्यांचे गाव आहे. आडतीवर तुरीचे पोते आले की इथला व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारून कचरा उडवितो, दोनचार दाणे दाताखाली धरतो आणि गिरणीत डाळीचा उतारा किती पडेल ह्याचा अदमास बांधून मगच भाव बोलतो. केवळ पोत्यावरचा छाप पाहून माल उचलणारा ह्या पेठेत फार दिवस टिकत नाही. अशा गावापुढे आज आम्ही एका निराळ्याच मालाच्या भावाविषयी बोलणार आहोत. तो माल म्हणजे विद्या. ह्या मालाची खरेदी करताना मात्र आपले शहाणेसुरते लोकही पोत्यावरचा छाप पाहूनच भुलतात, अशी आमची नम्र तक्रार आहे.

वसंत ऋतू हा व्याख्यानांचा, तसाच घरोघरच्या चिंतेचाही. मुलामुलींच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि टेबलावर निरनिराळ्या खासगी विद्यापीठांची माहितीपत्रके येऊन पडलेली असतात. चकचकीत कागद, काचेच्या इमारती, पदवीचे झगे घातलेली हसरी मुले, आणि शेवटच्या पानावर लाखांच्या घरात गेलेला फीचा आकडा. बाप मनाशी हिशेब करतो, आई दागिन्यांच्या डब्याकडे पाहते आणि आजोबा हळूच विचारतात, "विहिरीकडचे दोन एकर काढावे लागतील का रे?" हा प्रश्न लहान नाही. त्याचे उत्तर सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण आपल्या आधीच्या दोनतीन पिढ्यांनी हेच कोडे कसे सोडविले ते पाहिले, तर निदान माल पारखावा कसा हे समजेल. म्हणून आम्ही इतिहासाकडे तीन साधे प्रश्न घेऊन जाणार आहोत. शिक्षणाचा खर्च कोणी सोसला? विद्यालयाच्या दारातून आत कोण आले आणि बाहेर कोण राहिले? आणि जे आत आले त्यांचे पुढे काय झाले?

आरंभ घरापासून करू. कॅलथ्रॉप साहेबांची छोटी आगगाडी बार्शीस आली ती १८९७ साली. इथून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, एकवीस मैलांची ती वाट. तिथे मोठ्या रुळांची गाडी धरावयाची आणि पुणे गाठावयाचे. सोलापुरात दयानंद महाविद्यालय निघाले १९४० साली. तोपर्यंत ह्या गावच्या ज्या मुलाला पदवी हवी असे, त्याला पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन त्या गाडीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. कॉलेजची फी हा त्याच्या खर्चाचा एक भाग झाला. खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके, परीक्षेची फी, आणि ज्या वयात शेतात अथवा दुकानात एक कर्ता हात मिळाला असता त्या वयात तो हात घरापासून तुटणे, हे सारे त्या हिशेबात धरावे लागे. डेक्कन कॉलेजात शिकत असताना गोपाळ गणेश आगरकर आपला एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत, ही कथा आपण शाळेत वाचलेली आहे. ती आपण त्यागाची कथा म्हणून वाचतो. ती खर्चाचीही कथा आहे. प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण परवडले असे होत नाही, हे तो सदरा सांगतो.

त्याच आगरकरांनी पुढे काय केले ते पाहा. एम. ए. झालेल्या माणसास त्या काळी सरकारी नोकरीत चांगला पगार मिळे. आगरकरांनी आईला कळविले की, मोठ्या पगाराची आशा माझ्याकडून धरू नकोस. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक ह्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लौकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. संस्थेचे आजीव सदस्य होणाऱ्याने वीस वर्षे शिकवावयाचे आणि दरमहा पंच्याहत्तर रुपये घ्यावयाचे, असा दंडक होता. सरकारी कॉलेजातल्या गोऱ्या प्राध्यापकाच्या वेतनाशी ह्या रकमेची तुलनाच नको. ह्या गोष्टीचा आर्थिक अर्थ सरळ आहे. विद्यार्थ्याने जे द्यावयास हवे होते त्यातला मोठा हिस्सा शिक्षकाने आपल्या पगारातून आधीच भरून टाकला होता. वर्गात बसलेल्या मुलाला ती पावती कधी दिसली नाही, इतकेच. हा दंडक किती कठीण होता हेही विसरू नये. सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, ह्या वादाची परिणती टिळकांनी १८९० साली संस्था सोडण्यात झाली. त्यागाच्या पायावर संस्था उभारणे सोपे नसते.

टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली आणि गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ साली धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये आले. आमच्या आजच्या विषयाचे खरे नायक हेच. कारण खासगी विद्यापीठ ही गोष्ट महाराष्ट्राने प्रथम त्यांच्या हातून पाहिली.

कर्व्यांना दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव लहानपणीच आला होता. १८७५ साली मुरुडचा हा मुलगा सहाव्या इयत्तेच्या सार्वजनिक परीक्षेसाठी साताऱ्यास निघाला. कुंभार्ली घाट चढून, पावसापाण्यातून, शंभर मैलांहून अधिक वाट त्याने पायी तुडविली. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पुरी असावी लागत. वय पुरे होते, पण अंगकाठी लहान. तपासणाऱ्याने त्याच्याकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठविले. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तो ती परीक्षा उतरला. निवड करणाऱ्याची नजर किती उथळ असू शकते, ह्याचा धडा ज्याने असा पायी चालून घेतला होता, त्याने पुढे स्वतःचे विद्यालय काढले तेव्हा दार कोणासाठी उघडले? ज्यांच्याकरिता आजवर कोणतेच दार नव्हते त्या विधवांसाठी. १८९६ साली आपल्या साठविलेल्या पैशांतले एक हजार रुपये घालून त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला. १९०७ साली महिला विद्यालय निघाले.

१९१५ साली त्यांच्या हाती जपानातल्या महिला विद्यापीठाचे एक माहितीपत्रक पडले. जिन्झो नारुसे नावाच्या शिक्षकाने टोकियोत १९०१ साली हे विद्यापीठ काढले होते. एका माहितीपत्रकाने माणसाच्या मनात काय उत्पात घडवावा! त्याच वर्षअखेर मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि ३ जून १९१६ रोजी ते विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू, आणि हिंगण्याच्या कॉलेजात विद्यार्थिनी पाच!

पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ! हसणारे हसले. कोणी म्हणाले, बायकांसाठी निराळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम विद्या. शिक्षण मातृभाषेतून असावे हे गांधीजींना मान्य होते. पण इंग्रजी हा विषय सक्तीचा असावा हे त्यांना पटले नाही. ह्या टीकेत तथ्यच नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिला प्रश्न ह्या विद्यापीठास विचारून पाहा. खर्च कोणी सोसला? सरकारचा एक कायदा नाही, अनुदान नाही. कर्वे वर्गणीचे पुस्तक घेऊन गावोगाव फिरले. पाच-दहा रुपये देणारे शेकडो लोक त्यांनी जोडले. पुढे वयाच्या सत्तरीनंतर, १९२९ ते १९३२ ह्या काळात, ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका इतके फिरून आले, तेही ह्याच कामासाठी. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. तिचे दरसाल ५२,५०० रुपये व्याज विद्यापीठास मिळावयाचे, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांचे, नाव द्यावयाचे. देणगीला अटी होत्या. अटी नसलेली देणगी विरळाच. पण त्या देणगीमुळे फीचे ओझे मुलीच्या बापाच्या डोक्यावरून उतरून काही अंशी तरी एका धनिकाच्या तिजोरीवर गेले, हे मोठे काम झाले.

आता दुसरी बाजू. विद्यार्थिनीला काही मोजावे लागले नाही का? लागले, आणि ते रुपयांत मोजता येण्यासारखे नव्हते. ह्या विद्यापीठाची 'गृहीतागमा' ही पदवी सरकारदरबारी चालत नव्हती. कायद्याने मान्यता मिळाली ती १९४९ साली. म्हणजे तब्बल तेहेतीस वर्षे तिथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने, ही पदवी बाजारात चालेल की नाही हे ठाऊक नसताना आपल्या तारुण्याची तीनचार वर्षे पणास लावली. तिच्या मागे उभ्या राहिलेल्या आईबापांनीही लावली. आणि फळ? ह्या स्त्रिया मुलींच्या शाळांतून शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या. नरसिंह चिंतामण केळकरांच्या कन्या कमलाबाई देशपांडे ह्यांना अकाली वैधव्य आले. त्या ह्याच विद्यापीठाच्या गृहीतागमा. मुंबई सरकार जी पदवी ओळखीत नव्हते, ती घेऊन त्या युरोपात गेल्या आणि प्रागच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतल्या. पुढे ह्याच संस्थेत त्यांनी काम केले. फळ मोजावयाचे ते असे. पहिल्या नोकरीचा पगार हा त्याचा एक लहानसा भाग झाला. ती मुलगी जिथून निघाली आणि जिथे पोचली, त्यामधले अंतर किती, हे पाहावे लागते.

ह्याच सुमारास आपला एक तरुण जगातल्या एका मोठ्या खासगी विद्यापीठात शिकत होता. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ १७५४ साली स्थापन झालेले. १९१३ साली भीमराव आंबेडकर तिथे दाखल झाले. एकट्याच्या बळावर त्यांना हा खर्च झेपणे अशक्य होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट अशी की, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. आंबेडकरांनी त्या तुटपुंज्या रकमेतून पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेतले आणि घरीही पैसे पाठविले. १९१५ साली ते एम. ए. झाले. डॉक्टरेटचा प्रबंधही लिहून झाला. परंतु तो छापून सादर केल्यावाचून पदवी मिळत नसे. प्रबंध छापला गेला १९२५ साली आणि पदवी हाती आली १९२७ साली. विद्वत्ता केव्हाच सिद्ध झाली होती, पदवी मागाहून आली.

आणि तिसरा प्रश्न, पुढे काय झाले? १९१७ साली करारानुसार ते बडोद्यास गेले, तेव्हा कोलंबियात शिकून आलेल्या ह्या विद्वानास गावात राहावयास खोली मिळेना. पारशांच्या एका विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला, तिथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले. श्रोतेहो, हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो. विद्यापीठ आपले काम कितीही उत्तम करो, विद्यार्थी ज्या समाजात परततो त्या समाजाने दार लावून घेतले, तर पदवीचे मोल तिथेच अडते. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेले शिक्षण पुरे केले. अशा माणसाने परत आल्यावर प्रथम काय करावे? १९२४ साली बार्शीलाच बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली आणि तीत डॉ. आंबेडकर बोलले. त्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या आरंभी सभेचे पहिले वसतिगृह उघडले ते आपल्या सोलापुरात. सोलापूर नगरपालिकेनेही त्याला दरमहा थोडी मदत दिली. कोलंबियाच्या पदवीधराने आरंभ कॉलेजापासून केला नाही, वसतिगृहापासून केला. कारण दाराशी पोचण्याचा खर्च हाच खरा खर्च, हे त्याने अंगावर सोसले होते.

हेच भाऊराव पाटलांनी साताऱ्यास ओळखले होते. मुले एकत्र राहतील, एकत्र स्वयंपाक करतील, शेतात राबतील आणि शिकतील; बोर्डिंगात दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. इथे खर्च सोसला तो विद्यार्थ्याच्या हातांनी, शेतकऱ्याच्या पसाभर धान्याने आणि एका गृहिणीच्या सौभाग्यालंकारांनी. आणि हेच बार्शीस घडले. १९३४ साली कर्मवीर मामासाहेब जगदाळे ह्यांनी श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले. खेड्यातल्या मुलाला गावात टेकावयास जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली तरच शाळा त्याची होते, हा विचार त्या कामाच्या मुळाशी होता. १९६० च्या सुमारास बार्शीत महाविद्यालय आले आणि ज्या गावची मुले ट्रंक घेऊन कुर्डुवाडीची गाडी धरीत होती, त्या गावाकडे आसपासच्या खेड्यांची मुले येऊ लागली. १९८१ साली मामासाहेब गेले. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. ट्रंकेचा प्रवास दर पिढीला काही मैलांनी कमी होत गेला, आणि तो कमी करण्याचा खर्च कोणीतरी आधी आपल्या खिशातून केलेला होता.

आता अलीकडचे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. तोपर्यंत आपली मुले प्रवेशासाठी कर्नाटकाची वाट धरीत आणि तिथे देणगी मोजीत. ती वाट थांबावी हा हेतू वाईट नव्हता, आणि त्यातून हजारो घरांत पहिला इंजिनिअर झाला हे खरे आहे. परंतु खर्चाची दिशा उलटली. पूर्वी चालविणारा आधी देत असे आणि शिकणारा मागून घेत असे. आता शिकणारा आधी देऊ लागला. प्रवेशासाठी देणगी घेणे राज्याच्या १९८७ च्या कायद्याने गुन्हा ठरले. प्रवेश आणि शुल्क ह्यांविषयी १९९२, १९९३, २००२ आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक निकाल दिले आणि २०१५ साली खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरविण्यासाठी राज्याने कायदा केला. इतके कायदे आणि निकाल लागावेत ह्यातच दुखणे किती खोल आहे हे दिसते. दरम्यान पुण्याच्या भारती विद्यापीठास १९९६ साली आणि सिंबायोसिसला २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यानंतर स्वतंत्र कायद्यांनी खासगी विद्यापीठेही निघाली. २०२४ साली राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घरांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क स्वतः भरण्याचे ठरविले. मोठी गोष्ट झाली. पण तो निर्णय बारकाईने वाचा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. ज्या घराचा हिशेब त्या सवलतीवर बांधला असेल त्याने हे आधीच पाहून घ्यावे.

खासगी म्हणजे वाईट आणि सरकारी म्हणजे चांगले, असा सोपा निवाडा आम्ही देत नाही. कर्व्यांचे विद्यापीठ खासगीच होते, फर्ग्युसनही खासगी, मामासाहेबांचे मंडळही. निवड करणे हाही दोष नव्हे. मात्र तुरीचा हिशेब लक्षात ठेवावा. चाळणीतून निवडून घेतलेले टपोरे दाणे गिरणीत घातले आणि डाळीचा उतारा चांगला पडला, तर त्याचे श्रेय दाण्याला किती आणि गिरणीला किती? गिरणीची खरी परीक्षा साध्या मालावर होते. ज्या विद्यापीठाने शंभरांतून दोन मुले निवडली आणि ती दोन्ही पुढे मोठी झाली, त्याने त्या मुलांना काय दिले हे छायाचित्रांवरून कळत नाही. विचारावे असे की, शिष्यवृत्ती किती जणांना मिळते आणि ती शेवटच्या वर्षापर्यंत चालते का? आमच्यासारख्या गावांतून किती मुले आली आणि मधूनच किती परत गेली? वसतिगृह, खाणावळ, परीक्षा आणि पुस्तके धरून चार वर्षांचा आकडा काय होतो? सर्वाधिक पगार मिळविणाऱ्या एकाचे नाव सांगू नका. मधल्या विद्यार्थ्याचे काय झाले ते सांगा. आणि शेवटचा प्रश्न: माझ्या मुलाच्या शिक्षणासाठी माझ्याखेरीज आणखी कोण काय देत आहे? जिथे ह्या प्रश्नाला उत्तर नाही, तिथे विहिरीकडचे दोन एकर काढण्यापूर्वी एक रात्र अधिक विचार करावा.

एक प्रश्न मात्र विद्यापीठांना विचारून सुटणारा नाही, तो आपल्यालाच आहे. आगरकरांचा सदरा, कर्व्यांची वर्गणीची वही, लक्ष्मीबाईंचे दागिने, सोलापूरचे ते वसतिगृह, हे सारे कोणीतरी आपल्यासाठी आधी भरलेले हप्ते आहेत. ह्या सभेत बसलेल्या आपणा सर्वांचे शिक्षण त्यांवरच झाले. बार्शीच्या पेठेत आजही सुबत्ता आहे, दातृत्वही आहे. भगवंताच्या उत्सवात ते दिसते. ह्या जूनमध्ये गावातली एखादी गुणी मुलगी फीच्या आकड्यापाशी अडून घरी बसली, तर तिला नाकारणाऱ्या दाराला आपण दोष देऊच. पण तिच्या दारापर्यंत गेलो होतो का, हे कोणी पुढच्या वसंतात आपल्याला विचारले, तर उत्तर आपल्यापाशी असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.